आधी मोजा, मग मागा

गावातल्या मंडळाचा अर्ज मुंबईच्या ट्रस्टकडे जातो. ‘आमचा भाग अत्यंत मागासलेला असून महिला व बालकांची स्थिती हलाखीची आहे. तरी सढळ हाताने मदत करावी, ही नम्र विनंती.’ खाली अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, मंडळाचा गोल शिक्का. सहा महिने उलटले तरी उत्तर नाही. मग आपण म्हणतो, ‘ओळख लागते बुवा!’

ओळख लागत असेलही. पण वाचकहो, जरा देणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. टेबलावर अशाच अर्जांचा ढीग, आणि प्रत्येकाचा भाग ‘अत्यंत मागासलेला’. त्याने निवडायचं कसं?

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. एका पावसाळी संध्याकाळी तान्हं मूल घेऊन आई धावत त्यांच्या दारी आली, आणि डोळ्यांदेखत मूल गेलं. ही हकिगत डॉ. अभय बंग सांगतात, पण हळहळीवर थांबत नाहीत. त्या एका मृत्यूमागची कारणं त्यांनी मोजली. ती निघाली १८!

मग गावोगावचे जन्म-मृत्यू नोंदले गेले. ३९ गावांत तिथल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. जिथे हे केलं नाही, अशा ४७ गावांतही मोजणी ठेवली. ही दुसरी वही फार मोलाची. तिच्यामुळेच ‘बाळं या कामामुळे वाचली’ हे ठामपणे दाखवता आलं. सुरुवातीला हजार जन्मांमागे ६२ बाळं महिन्याच्या आत दगावत. तिसऱ्या वर्षी, त्या दुसऱ्या गावांच्या तुलनेत, हे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. खर्च दर बाळामागे सुमारे सव्वापाच डॉलर. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. अमेरिकेतल्या फोर्ड आणि मॅकआर्थर प्रतिष्ठानांनी या कामाला पैसा दिला. २०११ मध्ये केंद्र सरकारनं ही पद्धत ‘आशां’मार्फत देशभर नेली.

‘आम्ही कुठे एवढे मोठे डॉक्टर?’ असं म्हणू नका. दोनशे पानी वही तर घेता येते? वर्षात किती जन्मले, किती गेले, कशानं गेले, ते लिहा. शेजारच्या गावाचंही लिहा. अर्जात आधी एका घराची हकिगत सांगा. त्यांना विचारून, नाव बदलून. लगेच खाली लिहा, अशी घरं किती. नुसती हकिगत अपवाद वाटते, नुसता आकडा कोरडा राहतो. दरडोई खर्च मांडा. जे जमलं नाही, तेही लपवू नका. आकडा फुगवाल, तर पुढच्या वर्षी तोच अंगाशी येईल.

पैसा मिळेल न मिळेल. पण वहीच नसेल, तर गावातलं एखादं मूल जन्मलं आणि गेलं, याचा कागदही मागे राहत नाही.