विहिरीचं पाणी नितळ आहे, पण तपासलं आहे का?



वाशिम जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्याचं बोलायला जातो, तेव्हा पाण्याचा विषय निघताच एखादी आजी हमखास म्हणते, "बाई, तीन पिढ्या हेच पानी पेलो, काही झालं नाही." आजीचं पाणी खरंच नितळ असतं, चवीला गोडही असतं. पण हगवण, कावीळ, विषमज्वराचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि नायट्रेटला चव नसते.

गावाच्या सार्वजनिक विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकण्याची आणि तिचं पाणी तपासण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे. आपल्या दारातल्या विहिरीची, बोअरची काळजी मात्र आपणच घ्यायची.

दोन तपासण्या वेगवेगळ्या असतात. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा करावी, पावसाळ्याआधी आणि नंतर. शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतला एकही जंतू सापडता कामा नये. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा करावी. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. ते शेतातल्या युरियातून, शेणखताच्या उकिरड्यातून आणि संडासाच्या खड्ड्यातून झिरपतं. बाटलीचं दूध पिणारं तान्हं बाळ त्यामुळे निळसर पडू शकतं. म्हणून सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्या, वरचं पाणी नको.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पाणी उकळलं की जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. ब्लिचिंगनेही ते जात नाही. नायट्रेट जास्त निघालं, तर पिण्यापुरतं पाणी दुसरीकडून आणावं लागेल. फक्त जंतू निघाले, तर विहिरीतल्या हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर आरोग्यसेवकाला विचारून टाका आणि किमान तासभर पाणी पिऊ नका. संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब हवा.

नमुना कसा द्यायचा? आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटा. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. त्यात आपल्या वस्तीतली एक तरी बाई असावी, असा आग्रह धरा. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, ती धुऊ नका. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. पाणी कुणाच्या स्पर्शाने बाटत नाही आणि मंत्राने शुद्धही होत नाही. ते शुद्ध आहे की नाही, हे तपासल्यावरच कळतं. ज्या पाण्यासाठी आपले लोक लढले, मार खाल्ला, ते पाणी लेकरांना तपासूनच पाजू या.