लिंपोपोच्या काठानं – ७ : तेरचे मणी, चौलचे मणी

व्हिक्टोरिया धबधबा या आठवड्यात दाखवतो असं म्हटलं होतं. तो आता पुढच्या आठवड्यात. गोखल्यांनी १९१२ साली जोहान्सबर्गला आपल्या माणसांपुढं मराठीत भाषण केलं आणि गांधींनी त्याचा हिंदुस्थानीत तर्जुमा केला, हे लिहिल्यापासून टपाल वाढलं आहे. परवाच्या टपालात कळंब तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र निघालं. सोबत वहीचं पान, त्यावर पेन्सिलीनं काढलेले पाच गोल आणि खाली दोन शब्द, ‘मापाबरहुकूम आहेत’. बाजरीच्या दाण्याहून जरा मोठे. ताईंच्या आईचं माहेर तेर. आई लहानपणी पहिल्या पावसानंतर पांढरीवर जाऊन मणी वेचायची, त्यातले हे पाच डबीत राहिले. ताई विचारतात, ‘प्रिटोरियाला हिंदुस्थानचे मणी काचेत ठेवलेत असं तुम्ही लिहिलंत. ते आमच्या तेरचे असतील का?’

मी त्या मण्यांवर एका वाक्यात पुढं गेलो होतो. ताईंनी मला बरोबर थांबवलं.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की हिचं माहेरही तेर. लेकीकडं जायचं म्हणून आम्ही दोघं पहिल्यांदा प्रिटोरियाला गेलो, तेव्हापासून या मण्यांनी आम्हाला सोडलेलं नाही. पांढर म्हणजे काय हे धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको, पण मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. पीक येतं ती काळी. माणसांनी शेकडो वर्षं घरं बांधली, पडली, पुन्हा बांधली, चुली पेटल्या, राख पडली, अशी जी राखट भुरी माती होते ती पांढर. तेरला तेरणेच्या काठी असली पांढर उदंड. पाऊस जोरात पडून गेला की वरचा थर धुपतो आणि मणी उघडे पडतात. ही सांगते, ऊन पडायच्या आधी जायचं. ओल्या मातीत मणी लगेच दिसतो, माती वाळली की तो मातीचाच होऊन जातो. विटकरी रंगाचे पुष्कळ, निळा सापडला की मुली दिवसभर तो मुठीतच ठेवायच्या. सुईत ओवून बाहुलीच्या गळ्यात घालायच्या. ते मणी दोन हजार वर्षांचे असू शकतात हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

सांगणारा एक माणूस गावात होता. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या मातीतून निघालेली एकेक वस्तू जपून गोळा केली. त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आज तेरला आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, आणि तेरची ती प्रसिद्ध हस्तिदंती बाई, जिची सख्खी बहीण शोभावी अशी एक मूर्ती थेट इटलीत पॉम्पेईच्या राखेत मिळाली.

आता ताईंच्या प्रश्नाकडं. प्रश्न मुळीच भाबडा नाही. पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाचं दर्यावर्दी टाचण लिहून ठेवलं. त्यात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर येतं. तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीट या अभ्यासकांनी दाखवून दिलं. तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई. त्याच टाचणात आफ्रिकेचा पूर्व किनाराही आहे. आजच्या टांझानियाच्या आसपासचं ऱ्हाप्टा बंदर, तिथलं हस्तिदंत. एकाच पुस्तकात तेर आणि आफ्रिका! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, झालं, सुटलं कोडं.

सुटलं नव्हतं. ऱ्हाप्टाच्या पुढं त्या व्यापाऱ्याची माहिती संपते. लिंपोपो तिथून खूप दक्षिणेला. आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला काचेचे मणी जमिनीत सापडायला लागतात ते सातव्या शतकापासून, मोझांबिकच्या किनाऱ्यावर चिबुएने इथं. तेरचा ऐन भराचा काळ सातवाहनांचा. मध्ये चांगली चार-पाचशे वर्षं पडली. तेव्हा ताई, तुमच्या डबीतले मणी सातवाहनांच्या वेळचे असतील तर त्यांचे भाऊबंद लिंपोपोवर गेले असं मला म्हणता येत नाही. मनात असूनही येत नाही.

पण ‘हिंदुस्थानचे’ हा शब्द मी उगाच वापरला नव्हता.

ते मणी निघाले त्या जागी आम्ही गेलो. प्रिटोरियाहून उत्तरेला पोलोक्वाने, मग मुसिना, तिथून पश्चिमेला वळून मापुंगुब्वे. साधारण पाचशे किलोमीटर. जावयानं पहाटेच गाडी काढली. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना गोरखचिंचा लागल्या, एकेकीचा बुंधा असा की आमचं अख्खं कुटुंब हात धरून उभं राहिलं तरी कवेत येऊ नये. लिंपोपो आणि शाशे जिथं मिळतात तिथं उभं राहिलं की समोर झिंबाब्वे, डाव्या हाताला बोत्स्वाना आणि पायाखाली दक्षिण आफ्रिका. आणि मागं ती टेकडी. सपाट माथ्याची, कडे ताशीव, तांबड्या वालुकाश्माची. १२२० ते १३०० च्या दरम्यान तिच्या माथ्यावर राजा राहायचा आणि प्रजा खाली. १९३२ च्या अखेरीस तिथल्या थडग्यांतलं सोनं बाहेरच्या जगाला दिसलं. त्यातला सोन्याचा गेंडा आता साऱ्या जगाला ठाऊक आहे. लाकडी गाभ्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवून बारीक सोन्याच्याच खिळ्यांनी ठोकलेला. आपल्याकडं देवाच्या लाकडी मुखवट्यावर पत्रा चढवतात तीच रीत. थडग्यांतली माणसांची हाडं मात्र पुढं कित्येक वर्षं विद्यापीठांच्या कपाटांत पडून होती. २००७ साली ती परत आणून तिथंच मातीला दिली. हे मला गेंड्याहून मोठं वाटतं.

प्रदर्शनात गेंड्यापुढं लोक गर्दी करतात. आम्ही मात्र मण्यांपुढं तासभर होतो.

टेकडीच्या जवळच तिच्याही आधीची वस्ती आहे, साधारण १००० ते १२२० मधली. संशोधक तिला के-टू म्हणतात. तिथले मणी बाजरीएवढे, निळे-हिरवे. काचेच्या नळीचे तुकडे करून बनवलेले. ही कला आंध्रात पापनायडूपेटला अगदी अलीकडंपर्यंत जिवंत होती. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी नळीवर घ्यायचा, मधून पोकळी राखायची आणि कारागिरानं हातानं ओढत ओढत काचेचा पोकळ दोरा काढायचा. मग पात्यावर त्याचे बारीक तुकडे. तुकड्यांच्या कडा बोचतात, म्हणून राखेत घोळून तव्यावर लाह्यांसारखे हलवत भाजायचे. राख भोकात बसते त्यामुळं भोक बुजत नाही, आणि कडा गोल होतात. तेरचा विटकरी मणी भिंगाखाली धरला तर त्याच्या अंगावर भोकाच्या दिशेनं ओढल्याच्या रेघा दिसतात. के-टूच्या मण्यावर तशाच रेघा.

आणि त्या बाजरीएवढ्या मण्यांशेजारी बोराएवढे मोठे मणी मांडलेले होते. रंग तोच, अंग जरा खडबडीत. हे कुठून आणले, असं मी विचारणार तोच तिथला तरुण वाटाड्या म्हणाला, हे आमचे. के-टूच्या लोकांनी दुरून आलेले बारके मणी मूठमूठ घेतले, मातीच्या साच्यात भरले, भट्टीत वितळवले आणि साचा फोडून आतला मोठा मणी काढला. एका साच्यातून एकच मणी. साचा फुटलाच पाहिजे. त्या साच्यांचे तुकडे सापडले आहेत. व्यापाऱ्यानं दिलं ते तसंच गळ्यात घालायचं, हे त्यांना मान्य नव्हतं, असं मला वाटतं. गोरोबाकाकांच्या गावची मुलगी माझ्या शेजारी उभी होती. साचा कसला असेल, माती कुठली, वाळवायला सावली की ऊन, हे तिनं त्या पोराला इतक्या बारकाईनं विचारलं की माझं इंग्रजी भाषांतर कमी पडायला लागलं.

मग तिनं एक गोष्ट केली. गळ्यातली पोत पदराबाहेर काढली आणि काचेला लावून धरली. आत आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे मणी, बाहेर हिच्या पोतीतले काळे मणी, मध्ये काचेचा एक पत्रा. आकारात फरक सांगता येत नव्हता.

डोळ्यांना एकसारखं दिसलं म्हणजे पुरावा झाला असं नाही, हे मी तिला म्हणालो, आणि तेव्हापासून पुराव्याच्या मागं आहे. काच वाळूची होते, पण वाळू वितळायला खार लागतो. इराण-इराककडं तो झाडांच्या राखेतून घेत, आपल्याकडं जमिनीवर फुलून येणाऱ्या खाऱ्या मातीतून. त्यामुळं दोन्ही काचांची जात वेगळी पडते; आपल्या काचेत अ‍ॅल्युमिना फार. लेसरनं मण्याला डोळ्यांना दिसणार नाही एवढा ओरखडा काढून त्यातली मूलद्रव्यं मोजतात. मरिली वुड या संशोधक बाईंनी दक्षिण आफ्रिकेतले हजारो मणी निवडून त्यांच्या काळवार जाती लावल्या. सुरुवातीचे मणी इराण-इराककडच्या काचेचे. के-टूच्या काळात चित्र बदलतं आणि हिंदुस्थानी काच दिसायला लागते. मापुंगुब्वेच्या भरात पुन्हा राखेची काच वर येते. नंतर, साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात, झिंबाब्वेतल्या खामी राजधानीच्या नावानं ओळखले जाणारे मणी येतात, ते पुन्हा आपले. आणि त्या काचेची जात जुळते कुणाशी? रेवदंड्याजवळच्या आपल्या चौलशी! डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी चौलला खोदकाम केलं, तिथल्या काचमण्यांची आणि पूर्व आफ्रिकेतल्या मण्यांची तपासणी शेजारी शेजारी ठेवली गेली, आणि २००८ साली ते छापून आलं.

म्हणजे तेर नाही, चौल. पण ताई, पत्र इथंच मिटवू नका.

अल्-मसूदी हा बगदादचा फिरस्ता ९१६ च्या सुमारास चौलला आला होता; तो त्याला सैमूर म्हणतो. आफ्रिकेचा पूर्व किनाराही त्यानं समुद्रातून पाहिला होता. सोफालाच्या सोन्याबद्दल त्यानं लिहिलं आहे, आणि तिथले हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात जातात, त्यांच्या खंजिरांच्या मुठी होतात, बुद्धिबळाच्या सोंगट्या होतात, हेही लिहिलं आहे. सोनं आणि दात इकडं, कापड आणि मणी तिकडं. हिवाळ्यात ईशान्येचा वारा शिडात भरून जायचं आणि नैर्ऋत्येचा फिरला की परतायचं. अल्-मसूदीनं चौलच्या राजाचं नाव दिलंय, झंझ. हा उत्तर कोकणचा शिलाहार, राष्ट्रकूटांचा मांडलिक. आणि शिलाहारांचे ताम्रपट उघडून पाहा. त्यांच्या बिरुदांत एक पुन्हा पुन्हा येतं: तगरपुरवराधीश्वर. तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी.

राज्य ठाण्याच्या बाजूला, बंदर चौलचं, तेर हाताशी नाही, तरी हे राजे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला तेरचे म्हणवत राहिले. के-टूच्या लोकांनी ज्या काळात हिंदुस्थानी मणी वितळवले त्या काळात कोकण किनाऱ्यावर तेरचं नाव लावणारं हे घराणं नांदत होतं. तेराव्या शतकात यादवांनी ते संपवलं. मणी तेरचा नव्हता. ज्या किनाऱ्याचा समुद्र ओलांडून व्यापार चालला तिथल्या राजाच्या नावात मात्र तेर होतं. याहून जास्त मी म्हणणार नाही, पण एवढं ठामपणे म्हणतो.

एक विनंती. डबी तेरच्या संग्रहालयात एकदा दाखवून या. मणी मातीच्या कुठल्या भागातून आले हे आईंना आठवत असेल तर लिहून ठेवा. मण्यापेक्षा ती आठवण लवकर हरवते.

परतताना मुसिनाला बाजारात थांबलो. लिंपोपोच्या अलीकडचा हा मुलूख व्हेंडा लोकांचा. त्यांच्या जुन्या घराण्यांत काही मणी वाडवडिलांचे म्हणून जपलेले असतात, त्यांना ते पाण्याचे मणी म्हणतात. विकत नाहीत, पूर्वजांच्या कार्याला बाहेर काढतात. बाजारातल्या माळा अर्थात नव्या. विकणारी आजी सत्तरीची असेल. ही खाली बसली तशी आजीची नजर सरळ पोतीवर गेली. तिनं हात पुढं केला, हिनं मान पुढं केली. आजीनं अंगठा आणि तर्जनीत एक एक मणी धरून फिरवत पोत अर्ध्यापर्यंत पाहिली, नखानं भोक चाचपलं, मधल्या दोन वाट्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मग शेजारणीला काहीतरी म्हणाली. शेजारणीनं मोडक्या इंग्रजीत आम्हाला विचारलं, नवऱ्यानं घातले की आईनं दिले?

ही म्हणाली, ‘दोघांनी.’

आजीनं स्वतःच्या मनगटावरची निळ्या मण्यांची एक सर सोडून हिच्या हाताला बांधली आणि पैसे घेतले नाहीत. ती सर आज देव्हाऱ्यात, तुळजापूरहून आणलेल्या कवड्यांच्या माळेशेजारी आहे.

पुढच्या आठवड्यात धबधबा.