कुंडीतलं झाड पाण्यावाचून नाही, पाण्यानंच मरतं. लेकरू रांगत असेल तर ‘हे’ झाड घरात नको

दिवाळीच्या तोंडावर गावात नर्सरीची झाडं भरलेला छोटा हत्ती येतो. स्लॅबचं नवं घर झालं की बैठकीत टीव्हीशेजारी एक हिरवं झाड पाहिजेच, असं आता गावोगावी झालंय. होळीपर्यंत त्यातली बरीचशी उकिरड्यावर जातात. माझ्याही घरची चार गेली. कापूस-तूर करणाऱ्या माणसाला एक कुंडी सांभाळता येईना, म्हणून बायकोनं चार शब्द ऐकवले. मग विचारपूस केली, तेव्हा कळलं की चूक माझ्या हातातल्या तांब्याची होती.

कुंडीलाही वापसा लागतो

पाऊस पडला की आपण लगेच औत घालत नाही, वापसा यायची वाट बघतो. ओलही पाहिजे आणि मातीत हवाही पाहिजे. कुंडीचं तेच आहे. रोज सकाळी तांब्या ओतला तर मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरून राहतात, मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात. सडलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मान टाकतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आपण अजून एक तांब्या ओततो. संपला विषय. चिबड रानात तूर पिवळी पडून जाते, तसंच.

खालची पानं पिवळी पडली, बुडखा मऊ लागला, मातीला कुबट वास आला, तर पाणी जास्त झालंय. माती कुंडीच्या काठापासून सुटली आणि कुंडी उचलायला हलकी लागली, तर कमी पडलंय. सगळ्यात सोपं म्हणजे बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर तांब्या ठेवून द्या. घरात ऊन-वारा कमी, त्यामुळं ओल लवकर उडत नाही. स्नेक प्लांट आणि झीझी ही झाडं तर १५ दिवस पाणी नाही मिळालं तरी तक्रार करत नाहीत. पहिल्यांदाच झाड आणत असाल तर यातलंच एखादं आणा.

आपली काळी माती नुसती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. एक भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट, एवढं पुरतं. कुंडीच्या बुडाला भोक आहे का ते घेतानाच उलटी करून बघा. आणि मूठभर युरिया टाकायचा मोह आवरा, एवढ्याशा मातीत तो मुळं जाळतो.

जागा अशी पाहिजे की दिवसा बल्ब न लावता पेपर वाचता येईल. पत्र्याचं घर असेल तर मे महिन्यात कुंडी ओसरीच्या सावलीला काढा.

लेकरू असेल तर हे वाचाच

मोठी रुंद पानं, मधोमध पांढरट-पिवळे ठिपके, जाड खोड. दिसायला सगळ्यात देखणं झाड. नाव डायफेनबेकिया, नर्सरीवाले डंब केन म्हणतात. डंब म्हणजे मुका. मागच्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतल्या दीड वर्षाच्या लेकरानं त्याचं पान चावलं. ओठ सुजले, लाळ थांबेना, धड रडताही येईना. दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत उतार पडला. पण ते दोन तास आई-बापाचे कसे गेले असतील!

कारण आपल्या ओळखीचं आहे. अळू कच्चं राहिलं की घसा खाजतो, म्हणून आपण चिंच घालतो. अळवात सुईसारखे बारीक खडे असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे. डायफेनबेकिया त्याच अळू-सुरणाच्या कुळातलं, फक्त त्याचा दणका फार मोठा. मनी प्लांट, झीझी, पीस लिली हीपण त्याच कुळातली, तीही उंचावर ठेवा. स्नेक प्लांटही पोटात गेलं तर उलट्या होतात. रांगतं लेकरू असेल तर एरिका पाम किंवा स्पायडर प्लांट आणा, त्यांचं विष नाही.

चुकून चावलंच तर तोंडातले तुकडे काढा, ओल्या फडक्यानं तोंड पुसा, गार पाणी किंवा दूध पाजा. बोटं घालून उलटी काढू नका. चीक डोळ्यात गेला तर चांगल्या पाण्यानं बराच वेळ धुवा. सूज वाढली, गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

औषधाची बाटली बैठकीत आणू नका

पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण. काहीजण कपाशीवरचं उरलेलं औषध घरातच मारतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या रानात फवारताना माणसं गेली, मग बंद खोलीत काय होईल? लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, झाड अंगणात नेऊन तेवढं मारा.

दुसरं, कुंडीखालची ताटली आणि मनी प्लांटची बाटली. त्यातल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एकदा दोन्ही रिकामी करून घासा.

‘हे झाड रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतं’ असं सांगून दुप्पट भाव लावतात. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं हे खरं, पण ऑक्सिजन तयार होतो उजेडातच. नासाच्या ज्या १९८९ च्या अभ्यासाचे मेसेज फिरतात, तो बंद पेटीतला होता. दारं-खिडक्या असलेल्या घराची हवा दोन-चार कुंड्यांनी शुद्ध होत नाही. डोळ्याला बरं वाटतं म्हणून आणा, पैसे तेवढ्याचेच द्या.

मनी प्लांट तर विकत घेऊच नका. शेजारणीकडून वीतभर फांदी मागा, पेराच्या खाली कापा, खालची पानं काढून पेर पाण्यात बुडेल असं बाटलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात, मग कुंडीत लावा.