गोगलगायीचं बटण

गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. आमच्या मंडळाच्या वाटचालीवरची तीन मिनिटांची फिल्म तयार होती. झेंडूच्या माळा डोलत होत्या, जुन्या कार्यकर्त्यांची नावं चमचमत येत होती. साडेदहाला रेंडर लावलं आणि पडद्यावर उरलेला वेळ उमटला : सहा तास. सकाळी सातला प्रोजेक्टर लागणार होता. पुतण्या म्हणाला, "काका, मशीन म्हातारं झालंय. नवं घ्या आता."

मी मात्र कागद घेऊन भागाकार केला. आपल्याकडे सेकंदाला साधारण २५ फ्रेम धरतात. तीन मिनिटांच्या झाल्या ४,५००. सहा तास म्हणजे २१,६०० सेकंद. एका फ्रेममागे ४.८ सेकंद! एवढा वेळ हे यंत्र करतंय तरी काय?

कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात चित्र आधीच तयार असतं. ग्राफिक्सचं तसं नाही. तिथे प्रत्येक फ्रेम कोऱ्या पाटीपासून रंगवावी लागते. फुल एचडीची एक फ्रेम १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांची. यंत्र खालच्या थरापासून सुरुवात करतं, त्यावर सावली, चमक, अक्षरं चढवतं आणि मग पुढच्या फ्रेमला हात घालतं. ४के केलंत की ठिपके चौपट.

असं एकेका फ्रेमचं काम हाताने करणारी माणसंही आपल्याकडे होऊन गेली. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, ती रोज थोडी थोडी, महिनाभराहून अधिक काळ. तेव्हा वेळ रोप खात होतं. आज थर खातात.

वेळ खातं कोण?

मी ग्राफिक्ससाठी वापरतो त्या आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये २०२१च्या ऑक्टोबरपासून एक सोय आहे. टाइमलाइनच्या खाली डाव्या कोपऱ्यात गोगलगायीचं चिन्ह दिसतं. ते दाबलं की चालू फ्रेमसाठी कोणत्या थराला, कोणत्या इफेक्टला किती वेळ लागला, ते समोर येतं. माझा गुन्हेगार लगेच सापडला : झेंडूचं फूल. फोटो होता ६,००० गुणिले ४,००० ठिपक्यांचा, म्हणजे अख्ख्या फ्रेमच्या साडेअकरा पट. अशी चाळीस फुलं, प्रत्येकाला वेगळी सावली. पडद्यावर फूल दिसायचं जेमतेम लिंबाएवढं! फोटो लहान केला, सावली फुलाच्या चित्रातच कायमची उतरवली आणि पुन्हा रेंडर लावलं. तासाभरात फिल्म हातात आली. मशीन तेच, म्हातारं.

नेहमीचे वेळखाऊ ठरलेले आहेत. मोठ्या त्रिज्येचा ब्लर. कारण एका ठिपक्यासाठी आजूबाजूचे शेकडो ठिपके वाचावे लागतात. मोशन ब्लर, कारण एकाच फ्रेममध्ये हालचालीचे अनेक नमुने काढून ते मिसळावे लागतात. सावल्या पाडणारे त्रिमितीय दिवे. आणि नाव स्थिरावल्यावरही त्यावरून सतत फिरणारी ती बारीक चकाकी. चित्र जागचं हललं नाही तर यंत्र आधीची फ्रेम पुन्हा वापरू शकतं. चकाकीमुळे प्रत्येक फ्रेम नवी ठरते.

भाजणी एकदाच दळा

चकलीच्या प्रत्येक घाण्याला कोणी नव्याने भाजणी दळत नाही. एडिटिंगमध्ये मात्र आपण तेच करतो. प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर आफ्टर इफेक्ट्सचं जिवंत ग्राफिक ठेवलं, की बाकीच्या दृश्यांबरोबर त्याचाही हिशेब दर एक्सपोर्टला होतो. एका शुद्धलेखनाच्या चुकीसाठी पाचदा एक्सपोर्ट केलंत, तर तो हिशेब पाचदा. त्यापेक्षा मजकूर पक्का झाला की ग्राफिक एकदा रेंडर करून फाइल बसवा. प्रीमियरमध्ये 'रेंडर अँड रिप्लेस' त्यासाठीच आहे. पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर प्रोरेस ४४४४ घ्या. फाइल जड होते, पण पारदर्शकता टिकते. नेहमीच्या एच.२६४ मध्ये ती टिकत नाही.

लांबलचक कामाला पीएनजी चित्रांची मालिका उत्तम. चौदाशेव्या फ्रेमला वीज गेली तर चौदाशे एकपासून पुढे जाता येतं. सलग व्हिडिओ फाइल काढत असाल तर पहिल्यापासून सुरुवात.

काम चालू असताना प्रिव्ह्यू अर्ध्या रेझोल्यूशनवर ठेवा. दोन्ही बाजू निम्म्या झाल्या की ठिपके पाव उरतात. प्रीमियरच्या टाइमलाइनवरची लाल पट्टी सांगते, हा तुकडा अडखळण्याची शक्यता आहे. हिरवी म्हणजे तो आधीच रेंडर झालाय.

यंत्राचा वाटा

यंत्राचा काहीच दोष नसतो असं नाही. कॅशे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर ती एसएसडीवर न्या, फरक लगेच कळेल. आता आफ्टर इफेक्ट्स एकाच वेळी अनेक फ्रेम वेगवेगळ्या कोअरना वाटून देतं, पण प्रत्येक फ्रेमला आपली रॅम लागते. रॅम तोकडी असेल तर कोअर रिकामे बसतात. महागडं ग्राफिक्स कार्डही त्याचा वापर करणाऱ्या इफेक्टनाच उपयोगी पडतं; बाकीचा भार प्रोसेसरवरच.

म्हणून दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी करा. एकूण वेळेला फ्रेमच्या संख्येने भागा आणि गोगलगायीचं बटण दाबा. सगळे थर हलके करूनही आकडा मोठाच राहिला, तर खुशाल नवं मशीन घ्या. माझं अजून तेच आहे.