पहिला सोमवार

सकाळी ६.४५
अहिल्यानगरमधलं एक जुनं चर्च. दगडी भिंती, वर कौलं. डिसेंबरचा पहिला सोमवार. मामा अंगण झाडतायत. बाकं पुसणं, घंटा वाजवणं, दिवे, पाणी, फाटकाची किल्ली, सगळं त्यांच्याकडे. कागदावर त्यांचं पद सेक्स्टन. चौदा वर्षं झाली. खजिनदारबाई स्कूटीवरून येतात. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून निवृत्त झाल्या आणि मंडळीने त्यांना विश्वस्त म्हणून निवडलं. मानधन नाही. पेट्रोलसुद्धा स्वतःचं.
"सलाम, मामा."
"सलाम, बाई. चिटणीससाहेब यायचेत अजून."
म्हणजे थांबायचं. व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या कामकाजाच्या खोलीतल्या, लोखंडी कपाटाला दोन कुलपं आहेत आणि दुसरी किल्ली चिटणिसांकडे असते. एकट्याने ते उघडायचं नाही, असा ठराव आहे.

सकाळी ७.१५
कपाट उघडतं. कालच्या उपासनेचं अर्पण मखमली पिशव्यांतून निघून कापडी थैलीत बांधलेलं. काल दुपारीच दोघांनी मोजलं. दोघे एका घरातले नसावेत, हाही नियम. मोजणीच्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या. बाई तरीही पुन्हा मोजतात. पाचशेच्या ९, दोनशेच्या ६, शंभराच्या ३४, पन्नासच्या ४१, वीसच्या ६३, दहाच्या १८७. मग नाणी. दहाची २२, पाचची ५२, दोनची ३१, रुपयाची ४८. एकूण १४,८७०. चिठ्ठीशी जुळलं.
दहाच्या नोटा सर्वांत जास्त आणि सर्वांत मळलेल्या. काही चौघडी, काही अगदी बारीक घडी घातलेल्या. बाई एकेक उलगडतात, अंगठ्याने सरळ करतात. "ही घडी घालणाऱ्या बाया मला ठाऊक आहेत," त्या म्हणतात. "धुणीभांडी करून आणतात."
हे सारं निनावी दान. ज्या संस्थेचं काम केवळ धार्मिक आहे, तिच्या निनावी दानावर वेगळा कर बसत नाही. पण ते किती आलं, कुणी मोजलं, बँकेत कधी गेलं, हे दाखवता आलं पाहिजे.

सकाळी ८.१०
पगार. यादीवर चार माणसं. पाळकसाहेब, मामा, अर्धा दिवस येणाऱ्या कारकूनताई, पेटी वाजवणारे सर. पगार बँकेत जमा होतो, पण पगाराची चिठ्ठी बाई प्रत्येकाच्या हातात देतात.
मामांचे ११,५००. व्यवसाय कर २०० वजा. फेब्रुवारीत ३०० जातात, म्हणजे वर्षाचे अडीच हजार होतात. कारकूनताईंना ७,०००. बाईमाणसाला महिना पंचवीस हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून तिथे शून्य. पाळकसाहेबांचा पगारही पगारच. सेवा देवाची असली तरी उत्पन्न मोजलं जातं आणि मर्यादेच्या वर गेलं तर कर कापावा लागतो. त्यांचं वर्षाचं उत्पन्न त्या मर्यादेत बसतं, तसा हिशेब बाईंनी एप्रिलमध्येच मांडून फाइलला लावला आहे.
चिठ्ठीच्या तळाशी मामांसाठी एक जादा ओळ आहे. 'निवृत्ती निधी, मंडळीकडून : ६००.' भविष्य निर्वाह निधी वीस माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, उपदान दहांच्या. इथे चारच. कायदा काही मागत नाही. बाईंनी खजिनदारी घेतल्यावर हे सहाशे सुरू केले. त्याआधीची वर्षं कोरडी गेलेली. संध्याकाळी कमिटीची सभा आहे आणि विषयपत्रिकेत चौथ्या क्रमांकावर हाच विषय आहे.

सकाळी १०.०५
बँक. थैलीतल्या नाण्यांमुळे काउंटरवर वेळ लागतो. मागचा माणूस घड्याळ बघतो. बाई शांतपणे पाचाच्या नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावून देतात. शिक्का बसतो, पावती फाइलला लागते. रोज त्याच तारखेला वही लिहायची, हा त्यांचा कार्यालयातला नेम अजून सुटलेला नाही.
निघताना त्या अपघात विम्याचे दोन कोरे अर्ज मागून घेतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. अर्ज पर्समध्ये जातात.

सकाळी १०.५०
वकिलांची खोली. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत दोन विश्वस्त बदलले. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०चा. त्याच्या कलम २२ प्रमाणे असा बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. बदल अर्ज म्हणतात त्याला. सोबत सभेची सूचना, हजेरी, इतिवृत्त, जुन्यांचे राजीनामे, नव्यांची संमतीपत्रं. एका संमतीपत्रावर तारीख नाही. बाई तिथेच फोन लावतात.
"दादा, दुपारी चारपर्यंत चर्चमध्ये येऊन जा. सही आहे, तारीख राहिलीय."
"उद्या आलो तर?"
"उद्या नको. आज."
झेरॉक्सचे ८४ रुपये. बाई पावती मागतात. दुकानदार आधी बघतो, मग कागदाच्या तुकड्यावर लिहून शिक्का मारून देतो.
अर्ज वेळेत गेला नाही तर धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर जुनीच नावं राहतात. मग बँकेत सही कुणाची चालणार, कोर्टात कोण उभं राहणार, इथून भांडणं सुरू होतात. मंडळ्या फुटतात त्या पुष्कळदा अशा बिनतारखेच्या कागदांवरून.

दुपारी १२.२०
कब्रस्तान. संध्याकाळी चारला एका आजींचा दफनविधी आहे. दोघे जण सकाळी आठपासून खणतायत. वरची दोन फूट माती, खाली मुरूम. फावडं चालत नाही, पहारीने ठोसून काढावं लागतं. एक खाली उतरून टिकाव मारतो, दुसरा वरून दोरीने घमेलं ओढतो. लांबी साडेसहा फूट, रुंदी अडीच, खोली पाच व्हायची आहे. आता साडेतीन झाली.
बाई काठाशी जात नाहीत, चार पावलं लांब उभ्या राहतात. काढलेला मुरूम अगदी कडेला रचलाय.
"हा ढीग मागे सारा आधी. वरून भार आला तर कड ढासळेल. खाली माणूस आहे."
वरचा माणूस फावड्याने ढीग मागे ओढतो. दहा मिनिटं जातात. खालचा तेवढ्यात वर येऊन पाणी पितो. त्याच्या तळहाताला चिंध्या बांधलेल्या.
जोडीची मजुरी ३,०००. बाई रोख देतात आणि व्हाउचरवर दोघांच्या सह्या घेतात. पाच हजारांवर रक्कम असती तर रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावावं लागलं असतं. मग पर्समधले अर्ज निघतात.
"बँकेत खातं आहे ना दोघांचं?"
"आहे की बाई. जनधनचं."
"हे भरून बँकेत द्या. वर्षाचे वीस रुपये खात्यातून जातील. या वर्षीचे वीस मी आत्ता देते."
चाळीस रुपये त्या स्वतःच्या पाकिटातून काढतात. ते वहीत चढत नाहीत.
आजींचा मुलगा कागद घेऊन आलाय. डॉक्टरांचा दाखला, आधारची प्रत. दफन नोंदवहीत नाव, वय, तारीख, कबरीचा क्रमांक लिहिला जातो. "महापालिकेत मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करून घ्या," बाई त्याला सांगतात. "आत्ता सुचणार नाही, म्हणून या चिठ्ठीवर लिहून दिलंय. खिशात ठेवा."

दुपारी १.४५
व्हेस्ट्रीत डबा. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. वांगी कापणीच्या सणाची. दोन आठवड्यांपूर्वी लोकांनी वेदीपाशी धान्य, भाज्या, अंडी, कोंबड्या आणून वाहिल्या आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव झाला. एक भोपळा अकराशेला गेला. लिलावाचे एकूण ३८,४००. प्रत्येक बोलीची पावती फाडलेली. कालपर्यंत सगळी वसुली झाली.
जेवता जेवता रंगारी येतो. नाताळाआधी आतून पांढरा हात मारायचाय. बोली १८,०००.
"रोख द्या बाई. सामान आणायचंय."
"खात्यावर देते. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली तर ती आमच्या खर्चात धरत नाहीत."
कर माफ राहायचा तर वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के न्यासाच्या कामावर खर्च झालेले दाखवावे लागतात. छतासाठी पैसे साठवायचे तर कशासाठी आणि किती वर्षं, हेही आधी लिहून द्यायचं. खर्च खरा असला तरी चुकीच्या वाटेने केला तर तो मोजला जात नाही. रंगारी खाते क्रमांक लिहून देतो.
त्याच्या पाठोपाठ एका मुलीचे आईवडील. लग्न २७ डिसेंबरला. त्यांना संध्याकाळी साडेसातची वेळ हवीय, हॉल जवळच आहे. पाळकसाहेब नकारार्थी मान हलवतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२चा. विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच. शिवाय दोघांच्या वयाचे दाखले, तीन रविवार उपासनेत जाहीर करणं, नोंदवहीवर दोन साक्षीदार.
"साडेपाचला विधी करू, साडेसातला जेवण," पाळकसाहेब म्हणतात. "मुलीला उद्या कुठे लग्नाचा पुरावा द्यायचा झाला तर हाच दाखला लागेल. तो पक्का असू द्या."
आई मान डोलावते.

दुपारी ३.१५
बांबूची चांदणी दर्शनी भिंतीवर चढवायची. उंची बावीस फूट. मामा शिडी लावतात आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवतात.
"मामा, उतरा."
"दर वर्षी चढतो बाई."
"दर वर्षी चढता म्हणून तर. शिडी धरायला माणूस येऊ द्या."
पलीकडच्या गॅरेजमधला पोरगा येतो. मामांचं वय अठ्ठावन्न. वर गेल्यावर ते एका हाताने खिळा धरतात, दुसऱ्याने हातोडी. कमरेला साधी दोरी. बाई वहीत लिहितात : सेफ्टी बेल्ट, १,८००. वायरचा सांधा नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेला दिसतो. तो काढून इलेक्ट्रिशियनकडून नवा करून घ्यायचा, तोवर चांदणी लागेल पण पेटणार नाही.
मग आग विझवायची चार सिलिंडरं. बाई प्रत्येकाचा काटा बघतात. दोन हिरव्यात, दोन लाल पट्ट्याशी आलेली. राज्याच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा ठीक असल्याचा दाखला जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो. जानेवारीची वाट बघायला वेळ नाही. चोवीसच्या रात्री इथे मेणबत्त्या घेऊन चारशे माणसं बसतात. चारही भरून घ्यायची. सातशेप्रमाणे २,८००. बाजूच्या दाराला बाकं लावून ठेवलीत, ती मामा आणि गॅरेजचा पोरगा उचलून हलवतात. दार उघडून बघतात. बिजागरी कुरकुरते, तिला तेल.
चार वाजता बिनतारखेचे दादा येऊन तारीख टाकून जातात.

संध्याकाळी ५.३०
नाताळाच्या नाटकाची तालीम. बावीस मुलं. मेंढपाळ, ज्ञानी लोक, एक रडणारी देवदूत. दोन शिक्षिका आहेत. तिसरी आजारी. खोलीत कधीही मोठी माणसं दोन असलीच पाहिजेत, एकटं कुणी मुलांबरोबर राहायचं नाही. एका शिक्षिकेला लवकर जायचंय म्हणून कारकूनताई येऊन बसतात. दाराचा वरचा अर्धा भाग काचेचा आहे, गेल्या वर्षी मुद्दाम तसा करून घेतला. मूल कुणी आणलं, कुणी नेलं, याची वही दाराशी.
भिंतीवर एक कागद. मुलाबाबत काही वावगं कळलं तर कमिटीने आपसात चौकशी करून मिटवायचं नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं. न कळवणं हाच गुन्हा. खाली १०९८, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर. सुरुवातीला दोन वडीलधाऱ्यांना तो कागद चर्चमध्ये शोभत नाही असं वाटलं होतं. पाळकसाहेबांनी स्वतः हातोडी घेऊन तो ठोकला.

संध्याकाळी ७.१०
कमिटीची सभा. नऊ माणसं, चहा, पार्ले. पहिला विषय ध्वनिक्षेपकाचा. पोलीस ठाण्यात अर्ज उद्या जाईल. दुसरा बदल अर्ज. तिसरा रस्त्याकडच्या कोपऱ्याचा. एक मोबाइलवाला नऊ वर्षांच्या कराराने जागा मागतोय, महिना पंधरा हजार म्हणतो. दोघे-तिघे सरसावून बसतात. चिटणीस विश्वस्त कायद्याचं कलम ३६ वाचून दाखवतात. शेतीची नसलेली जागा तीन वर्षांवर भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. आणि जमीन तर जुन्या मिशनच्या न्यासाच्या नावावर. अमेरिकन मराठी मिशन १८३१मध्ये नगरला आलं, तेव्हापासूनच्या कागदांची उतरंड आहे ती. "आपल्या हातात नाही ते आपण भाड्याने देऊ नये," पाळकसाहेब म्हणतात. विषय संपतो.
चौथा विषय. बाई वही उघडतात.
"मामांचा पगार साडेअकरा हजार. उपदानाच्या हिशेबाने भागिले सव्वीस, गुणिले पंधरा. वर्षाचे ६,६३५. चौदा वर्षांचे ९२,८९०. निधीत आहेत ६१,०००. कमी पडतात ३१,८९०. लिलावाचे ३८,४०० आलेत. त्यातून भरावेत."
एक तरुण सभासद म्हणतो, लिलावाच्या पैशांतून नवी साउंड सिस्टिम ठरली होती. दुसरे एक काका विचारतात, "कायद्याने बांधलेलं आहे का आपल्याला?"
"नाही," बाई सांगतात. "आपण चारच माणसं ठेवतो, म्हणून नाही. पण दोन वर्षांनी मामा साठीचे होतील. तेव्हा त्यांच्या हातात शाल आणि नारळ द्यायचा की चौदा वर्षांचं देणं द्यायचं, ते आज ठरतं."
थोडी चर्चा होते. साउंडवाला तरुण म्हणतो, जुने स्पीकर अजून एक वर्ष चालतील. हात वर. नऊपैकी आठ. काका तटस्थ. उरलेल्या ६,५१० मधून बेल्ट आणि सिलिंडरं, मिळून ४,६००. शिल्लक १,९१०, ती इलेक्ट्रिशियनसाठी.

रात्री ९.००
चिटणीस इतिवृत्त लिहितात, बाई शेजारी बसून आकडे सांगतात. ठराव क्रमांक चार, सूचक, अनुमोदक, रक्कम अंकी आणि अक्षरी. निधी वेगळ्या खात्यात, मामांच्या नावाच्या नोंदीसह. लेखापरीक्षकांना कळवायचं. सह्या होतात. मामा खुर्च्या रचतायत. बाई त्यांना हाक मारतात, आकडा सांगतात आणि ठरावाची प्रत देतात.
"वाचून बघा, मामा. चूक असेल तर आत्ताच सांगा."
मामा चष्मा काढून पुसतात, परत लावतात आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात.