अध्यक्षांची रिकामी खुर्ची : गंगाधरपंत पानिपतात कशासाठी गेले?

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना ट्रकची धडक बसते. त्यानंतरचे दोन दिवस ते आपल्या जगात नसतात. ज्या जगात पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली, तिथे ते वावरून येतात. या कथेचा इंग्रजी अवतार 'द ॲडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात आला आणि देशभरच्या विद्यार्थ्यांनी तो वाचला. वर्गात चर्चा होते ती बहुधा कॅटॅस्ट्रॉफी थिअरीची आणि क्वांटम सिद्धान्तातल्या अनिश्चिततेची. गंगाधरपंत नावाचा माणूस मात्र मागे राहतो. त्याला नेमके काय हवे होते, हे कथेत कुठेही सरळ सांगितलेले नाही. ते ताडावे लागते, आणि कथेचे खरे बळ त्यातच आहे.

पहिला हेतू सगळ्या मराठी माणसांच्या ओळखीचा आहे : पानिपतचा पराभव पुसून काढण्याचा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पेशवेपुत्र विश्वासरावांना गोळी लागली, ते पाहून मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी गर्दीत घोडा घातला आणि सैन्याचा धीर सुटला. तेव्हापासून मोठा घात झाला की 'पानिपत झाले' असे म्हणतात. ऐन संक्रांतीच्या दिवसांत झालेला हा घाव भाषेने असा जपून ठेवला आहे. नगर जिल्ह्याला तर या मोहिमेची सुरुवात जवळची. १७५९ मध्ये याच भाऊसाहेबांनी किल्लेदाराला वश करून नगरचा किल्ला जवळजवळ गोळी न झाडता मिळवला, नंतर उदगीर जिंकले आणि मग उत्तरेची वाट धरली. इतक्या चढत्या कमानीनंतर एका गोळीने सारे फिरावे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला स्वस्थ बसू देत नाही. कथेतल्या दुसऱ्या जगात हीच गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते आणि मराठ्यांचा शत्रू अब्दाली माघार घेतो.

जगाच्या दूरचित्रवाणीवर इतिहास बदलण्याच्या या कल्पनेचा गाजलेला नमुना म्हणजे अमेरिकेतील 'स्टार ट्रेक' मालिकेचा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा भाग. तो ६ एप्रिल १९६७ रोजी प्रसारित झाला आणि त्याची मूळ पटकथा हार्लन एलिसनची. चुकून टोचल्या गेलेल्या औषधाने भ्रमिष्ट झालेला डॉक्टर मॅकॉय भूतकाळात उडी घेतो आणि इतिहास बदलतो. तो दुरुस्त करायला कॅप्टन कर्क आणि स्पॉक १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये उतरतात. गोरगरिबांना जेवू घालणारी एडिथ कीलर तिथे त्यांना भेटते. ती वाचली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनी जिंकेल, असे स्पॉकला कळते. कर्क तिच्या प्रेमात पडलेला असतो. ट्रक अंगावर येतो तेव्हा तिला वाचवायला धावणाऱ्या मॅकॉयला तोच धरून ठेवतो. वरवर पाहता हे कर्तव्य आहे. पण त्याआधी जिन्यावरून घसरणाऱ्या एडिथला त्यानेच सावरलेले असते. दोन्ही वेळा हात त्याचेच असतात, आणि त्याचा खरा हेतू त्या दोन कृतींच्या मधे कुठेतरी आहे.

दोन्ही कथांत ट्रक आहे, हा योगायोग नजरेत भरतो. फरक मात्र मोठा आहे. कर्कला निवड करावी लागते. गंगाधरपंतांना काहीच ठरवायचे नसते, लढाई आधीच जिंकलेली असते. म्हणूनच मोकळ्या वेळात ते काय करतात, याला महत्त्व येते.

पुण्याहून मुंबईला निघताना त्यांचा बेत मोठे ग्रंथालय गाठून इतिहास चाळण्याचा असतो. जिजामाता एक्स्प्रेस डेक्कन क्वीनहून वेगाने धावते. वाटेत परवाने तपासले जातात, कारण इथून ब्रिटिश राज्य सुरू होते. पेशव्यांच्या राज्यात इंग्रजांकडे मुंबई उरली आहे ती १९०८ च्या तहाने, २००१ पर्यंतच्या भाडेपट्ट्यावर. पण मुंबईत उतरल्यावर पंत ग्रंथालयाआधी शिरतात ते फोर्ब्सच्या कचेरीत, आणि आपल्या मुलाची, विनय गायतोंडेची, चौकशी करतात. स्वागतिका यादी पाहते, सगळ्या शाखांची नोंद पाहते. त्या नावाचे कोणीच नसते. हा मुलगा कदाचित या जगात जन्मलाच नसेल, हे पंतांच्या ध्यानात येते. हा दुसरा हेतू : इतिहासकाराआधी बाप जागा झाला, हे नारळीकरांनी एका छोट्या प्रसंगात दाखवले आहे. कथेतली ही सर्वांत हृद्य जागा, आणि तिच्यावरून घाईने पुढे जाणारे वाचक फार.

ग्रंथालयात ते स्वतःचे ग्रंथ मागवतात. पाचही खंड टेबलावर येतात. चार खंडांतला इतिहास ओळखीचा, पाचव्यात मात्र पानिपतचा विजय. आयुष्यभर पराभवाची कारणे शोधणाऱ्या माणसाला आपल्याच नावाने लिहिलेली विजयाची हकिकत वाचायला मिळते. इथे आनंदाने उडी मारावी असा क्षण आहे, पण पंत ती मारत नाहीत. ते विचारत राहतात : हे घडले कसे? पानिपतची हकिकत सांगणारी 'भाऊसाहेबांची बखर' चाळता चाळता ती नकळत त्यांच्या खिशात जाते.

तिसरा हेतू आझाद मैदानावर उघडा पडतो. मांडवात व्याख्यान चालू असते आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी. लोहचुंबकाने लोखंड ओढावे तसे पंत तिच्याकडे ओढले जातात. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेल्या माणसाला रिकामी खुर्ची सहन होत नाही. त्या जगातल्या श्रोत्यांनी मात्र अध्यक्षीय भाषणे केव्हाच बंद केलेली असतात. ते ओरडतात, टोमॅटो आणि अंडी फेकतात. राष्ट्राच्या जखमेवर फुंकर घालायला निघालेल्या विद्वानाला आतून मानाची जागा हवी होती, हे कळते ते इथे. ही जागा गमतीची वाटते, पण लेखकाने पंतांची टर उडवलेली नाही. आपल्या सभा-संमेलनांच्या संस्कृतीत वाढलेल्या कोणालाही ही ओढ परकी नाही.

उलगडा करणारे शास्त्रज्ञ राजेंद्र देशपांडे यांचाही हेतू पाहण्याजोगा आहे. प्रथम ते सारी हकिकत मनाचा खेळ मानतात. बखरीचे फाटलेले पान हाती येते तेव्हा ते बदलतात. त्या पानावर गोळी चुकली आहे, आपल्या जगातल्या बखरीत ती लागली आहे. मित्राला दिलासा देण्याची घाई त्यांना नाही, पुरावा दिसेपर्यंत थांबण्याची शिस्त आहे. इतिहासाला फुटणाऱ्या अशा फाट्यांची कल्पना नगर जिल्ह्यातल्या बेलापूरकरांना करता येईल. प्रवरेकाठच्या जुन्या गावापासून काही किलोमीटरवर रेल्वेचे स्थानक झाले, त्याच्याभोवती श्रीरामपूर वाढले, आणि त्या स्थानकाचे नाव आजही बेलापूर आहे. रूळ थोडे इकडे पडले असते तर नकाशा वेगळा दिसला असता.

पंत परत येतात ते आझाद मैदानावरच. बखर गर्दीत हरवलेली असते, खिशात एक पान उरलेले असते. पानिपतावरच्या परिसंवादाचे अध्यक्षपद त्यांना देऊ केलेले असते आणि ते त्यांचे हजारावे भाषण ठरले असते. हजारावे भाषण आझाद मैदानावर होऊन गेले, असे मानून पंत आयोजकांना नकार कळवतात.