दुसरं टोक कुठे आहे?

सुट्टीत मी आमच्या गल्लीतल्या एका नेटवर्किंगवाल्या काकांबरोबर कामाला जात होतो. एका सोमवारी सकाळी बेळगावातल्याच एका पतसंस्थेतून फोन आला. सगळे कॉम्प्युटर अडकलेत, काउंटरवर रांग लागलीय. आम्ही पोचलो तेव्हा स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत होते. काका एकेक केबल काढत गेले. अकरावी काढली आणि दिवे शांत झाले.

झालं होतं असं की, झाडलोट करताना शिपाईमामांना एक केबल लोंबकळताना दिसली. सुटली असेल म्हणून त्यांनी ती स्विचच्या रिकाम्या भोकात खोचली. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं! नेटवर्कवरचे काही संदेश सगळ्यांसाठी असतात आणि स्विच ते प्रत्येक वाटेने पुढे पाठवतो. वाट गोल झाली की तोच संदेश परत येतो, परत पाठवला जातो, आणि बाकीच्या कामाला जागाच उरत नाही. महागड्या स्विचमध्ये हे रोखायची सोय असते, साध्या स्विचमध्ये बहुधा नसते. मामांचं काय चुकलं? केबलवर काही लिहिलेलंच नव्हतं.

मग संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आम्ही केबली शोधायला बसलो. टोनर नावाचं छोटं यंत्र एका टोकाला लावायचं, दुसरीकडे जुडग्यावरून त्याची काडी फिरवायची. योग्य केबल आली की ती जोरात वाजते. बेचाळीस केबलींना दोन संध्याकाळी गेल्या.

लेबल दोन्ही टोकांना हवं आणि एकच हवं. टीआयए-६०६ या अमेरिकन मानकातही दोन्ही टोकांना लेबल सांगितलंय. लेबलावर माणसाचं नाव नको. तिथे एका जुन्या चिठ्ठीवर ‘मॅनेजर’ लिहिलेलं होतं, पण मॅनेजर कधीच वरच्या मजल्यावर गेले होते. जागा मात्र हलत नाही. म्हणून ‘२-बी-१७’ : दुसरा मजला, बी पॅनेल, सतरावं भोक. शिवाय आमच्याकडे दुरुस्तीला येणारा कधी मराठी वाचणारा असतो, कधी कन्नड. आकडे दोघांनाही चालतात.

साध्या पेनाने केबलवर लिहिलेलं घासून जातं. छापील लेबल गुंडाळून वर पारदर्शक पट्टी आली की टिकतं. आणि ते प्लगला अगदी चिकटून लावू नये, वीतभर मागे लावावं. प्लग खराब झाला की टोक कापून नवा बसवतात, तेव्हा लेबलही कचऱ्यात जातं. (हे मी दोनदा केलं. काका काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.)

नोंदवहीत प्रत्येक केबलला एक ओळ : लेबल, खोली आणि भिंत, पॅनेलचं भोक, स्विचचं भोक, बदलाची तारीख. मी हौसेने एक्सेल केली, सर्व्हरवर ठेवली. काकांनी विचारलं, “नेटवर्क बंद पडलं तर ही उघडणार कशी?” मग छापील प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवली. पासवर्ड त्यावर लिहायचे नाहीत. बदल झाला की तिथेच, उभ्या उभ्या, हाताने खोडून लिहायचं आणि एक्सेल नंतर सुधारायची. ‘उद्या लिहू’ म्हटलं की महिन्याभरात कागद खोटा ठरतो, आणि खोट्या कागदावर विसंबून भलतीच केबल ओढली जाते.

पेन दोऱ्याने दाराला बांधून ठेवलं. नाहीतर ते काउंटरवर जातं.